ठोकळ्यांच्या जगात पेटवलेला राब

भागवतदादांचं नाव आधी लिहून ठेवतो. काय घडलं ते मागाहून सांगेन. माझा स्वभाव असा की घडलेली गोष्ट सांगायला घेतली की तिच्या काळजीत मी नव्याने गुरफटतो आणि माणूस सांगायचा राहून जातो. तर भागवतदादा. नांदगाव तालुक्यातले, सातपूरला एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. प्रेसच्या दणक्यांनी त्यांचा डावा कान जवळजवळ गेला होता, म्हणून ते उजवा कान उशीत दाबून झोपायचे आणि म्हणायचे, "आता खाली बाँब फुटला तरी मला पत्र टाकून कळवा." या माणसाने एका दुपारी मला वाचवलं. कशापासून वाचवलं ते ऐकून लोक हसतात. माझी बायको तर लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हसते. हसू द्या. त्या दुपारची माझी भीती खरी होती, एवढं मला माहीत आहे.

आमची खोली सातपूरला एका गाळ्याच्या डोक्यावर होती. खाली दिवसभर पत्रा कापायचे. कापलेला तुकडा फरशीवर पडला की आमच्या पातेल्यातलं पाणी थरथरायचं. खोलीत लोखंडी पलंग दोन आणि माणसं चार. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे ते जमून जायचं; एक उठून कामावर गेला की दुसरा त्याच्याच उबेत आडवा व्हायचा. कुणाची पाळी बदलली की गादीवरची जागाही बदलायची. एका खोलीत राहून आम्ही चौघे एकत्र असे क्वचितच जेवलो. खोलीचे नियम कुणी लिहिले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. त्यातला पहिला नियम असा की नाईट करून आलेल्या माणसाला उठवायचं नाही. काही झालं तरी नाही. तो झोपलेला असताना कुकर लावायचा नाही, डाळ उघड्या पातेल्यात शिजवायची, बादली मोरीत ठेवताना खाली फडकं घालायचं. पाणी आलं तर आपण भरायचं, घरमालक आला तर आपण बोलायचं. मी त्या खोलीत शेवटचा आलेला, त्यामुळे हे नियम मी इतरांपेक्षा दुपटीने पाळायचो. चप्पल तर जिन्याखालीच काढून हातात घ्यायचो.

मी सुरगाण्याकडच्या डोंगरातला. आश्रमशाळेत नववीत होतो, दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो आणि परत गेलोच नाही. कारण विचाराल तर आजही नीट सांगता येणार नाही. फळ्यासमोर उभं केलं की पाठ असलेलंही आठवायचं नाही, एवढंच. घरी राहिलो असतो तर मुकादमाच्या टोळीबरोबर दरवर्षी द्राक्षाच्या बागांवर जावं लागलं असतं, जसे माझे वडील जायचे, चुलते जायचे. दोन-तीन हंगाम गेलोही. मग गावातल्या एकाने सातपूरला लावून दिलं. पहिल्या खोलीत माझ्याकडून किल्ली हरवली आणि तिथल्यांनी पंधरा दिवसांत बाहेर काढलं. ही दुसरी खोली. तिसरी कुणी देणार नव्हतं. खोली गेली की काम गेलं, काम गेलं की पुन्हा मुकादमाचा टेम्पो. आणि आमच्या सुपरवायझर साहेबांनी नुकतंच सांगितलं होतं, "काशिनाथ, दिवाळीनंतर तुला लेथवर घेतो, हात बरा आहे तुझा." आयुष्यात माझ्या हाताला बरं म्हणणारं ते पहिलं वाक्य. ते मी रोज आठवून बघायचो, अजून तसंच आहे ना म्हणून. खोली टिकली पाहिजे, बाकी काही नको, हा एकच विचार घेऊन मी उठायचो आणि झोपायचो.

जेवणाचं मुख्य खातं भागवतदादांकडे. बाजरीची भाकरी ते अशी थापायचे की परातीचा आवाज ऐकून शेजारच्या खोलीतली माणसं वेळ ओळखायची. शेवभाजीला वरून इतका तर्रीचा थर की इरफानभाई म्हणायचा, "भागवतभाई, इसमें तो नाव चलाओ." इरफानभाई मालेगावचा, कापडाचं लूम सोडून इकडे आलेला, तोंडाने सतत चालू. चौथा सोपान, सिन्नरकडचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, कमी बोलणारा आणि पटकन तापणारा. मी घरून नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ आणलं होतं. भागवतदादांनी एकदा हौसेने त्याची भाकर थापायला घेतली. बाजरीसारखी उचलायला गेले आणि तिचे तीन तुकडे झाले. "काय रे काश्या, हे पीठ हाय का वाळू?" म्हणाले. मी गरम पाण्यात उकड काढून करून दाखवली. चौघांत ती भाकर संपली. पण तेव्हाही मी दोन शब्दांच्या वर बोललो नाही. माझी बोली ऐकून पहिल्या खोलीतले नकला करायचे, म्हणून इथे मी तोंड मिटूनच होतो.

आता त्या खेळाबद्दल. इरफानभाईकडे एक टॅब होता, कोपऱ्यात तडा गेलेला. त्यात तो ठोकळ्यांचा गेम. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो: एक अख्खं जग असतं, सगळं चौकोनी. डोंगर, झाडं, नदी, गुरं, सूर्यसुद्धा चौकोनी. त्यात आपण एकटे, हात रिकामे. झाड तोडायचं, लाकडाच्या फळ्या करायच्या, दगड फोडायचा, घर बांधायचं, पोट भरायचं. दिवस मावळला की झोंबी निघतात, आणि एक हिरवा प्राणी येतो जो आवाज न करता जवळ येऊन फुटतो. त्याला आम्ही फटाका म्हणायचो. जीव दहा बदामांत मोजायचा. पत्त्यातल्यासारखे लाल बदाम स्क्रीनच्या खाली असतात, मार बसला की कमी होतात. शेजारी कोंबडीच्या तंगड्या असतात दहा, ती भूक. तंगड्या संपल्या की बदाम भरून येत नाहीत. माझा मुलगा आज हाच गेम मोबाईलवर खेळतो आणि मला शिकवायला येतो. मी ऐकून घेतो.

आमचं जग एकच होतं, चौघांत मिळून. जो खोलीत मोकळा असेल त्याने तासभर खेळायचं, आणि उठताना पुढच्यासाठी पाटी लावून जायचं. खेळात लाकडी पाट्या लावता येतात, त्यावर लिहिता येतं. कंपनीत पाळी बदलताना जसा चार्ज देतात, मशीन कसं चाललंय, काय बिघडलंय, पुढच्याने काय बघायचं, तसंच. घराच्या दारात पाट्यांची ओळ असायची. 'खाली खाणीत पाणी शिरलंय, उजवीकडून जा. सोपान.' 'मेंढी भागी है, पकड़ो. इरफान.' वेगवेगळ्या पाळ्यांमुळे जी माणसं आठ-आठ दिवस एकमेकांना दिसायची नाहीत, ती तिथे रोज बोलायची. मी खरं तर भागवतदादांना पाट्यांवरूनच आधी ओळखायला लागलो. 'नवीन गड्याने पेटीतली भाकरी खावी, लाजू नये.' हे माझ्यासाठी होतं. खेळातल्या पेटीत त्यांनी माझ्यासाठी पाव ठेवले होते.

आणि इरफानभाईने घातलेला एक कायदा होता. मेलं की पुन्हा जिवंत होता येतं त्या खेळात, पण आमच्यात तसं नव्हतं. "ज़िंदगी एक बार," तो म्हणायचा. चौघांतला कुणीही मेला की ते जग पुसून टाकायचं. घर, खाण, गुरं, सगळं. त्यामुळे सगळे जपून असायचे, आणि मी तर इतका जपून की पहिले दोन आठवडे घराच्या कुंपणाबाहेर गेलोच नाही. दारात उभा राहून डोंगर बघायचो. खरं सांगतो, आमच्या पाड्यामागचा डोंगर थेट तसाच आहे, एका बाजूने कापल्यासारखा. सातपूरच्या त्या धुरकट खोलीत बसून मी तासभर नुसता डोंगर बघायचो आणि पाटी लावायचो, 'सगळं ठीक.'

माझ्या सुट्टीचा दिवस होता. सोपान आणि इरफानभाई फर्स्ट शिफ्टला गेले होते, चारपर्यंत येणार नव्हते. भागवतदादा नाईट करून सकाळी आले, आंघोळ केली, डोळ्यांवर पंचा टाकला, उजवा कान उशीत दाबला. मी टॅब घेऊन कोपऱ्यात बसलो. दारात त्यांची नवी पाटी होती: 'काशिनाथ, घरामागे गहू लाव. बी पेटीत हाय.' मला पहिल्यांदाच काम मिळालं होतं. नुसतं खा नव्हे, नुसतं बघ नव्हे, लाव. मला इतका आनंद झाला की मी ते काम आमच्या घरी करतात तसं, पद्धतशीर करायचं ठरवलं.

आता आमच्याकडची पद्धत. भात असो, नागली असो, रोपाच्या जागेवर आधी राब भाजायचा. ऐनाच्या झाडाच्या फांद्या छाटून आणायच्या, त्या जमिनीवर अंथरायच्या, वर शेण, पालापाचोळा, गवत, सगळ्यावर मातीचा पातळ थर. मग वारा पडलेला बघून वरच्या अंगाने पेटवायचं, म्हणजे आग सावकाश खाली उतरते, माती भाजून निघते, तण मरतं आणि राखेवर रोप तरारून येतं. न भाजलेल्या जमिनीत बी टाकणं म्हणजे, माझी आई म्हणायची, न धुतलेल्या भांड्यात दूध काढणं. खेळात गव्हाला फक्त कुदळ आणि शेजारी पाणी लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कुणाला विचारलं नव्हतं. मी पेटीतली कात्री घेतली, रानातल्या झाडांच्या पानांचे ठोकळे कापले, घरामागे हारीने अंथरले, जमेल तिथे वर मातीचे ठोकळे ठेवले. दुपारचा पाऊण तास त्यात गेला; मध्ये तिथली रात्र झाली की घरात जाऊन खेळातल्या पलंगावर झोपायचो. घामाघूम झालो होतो, बसल्या जागी. मग पेटीतली चकमक काढली आणि वरच्या अंगाने पेटवलं.

त्या जगात वारा नसतो. म्हणून मी निर्धास्त होतो. पण तिथल्या आगीला वारा लागत नाही, ती मनाने उडी मारते. माझ्या राबावरून ती शेजारच्या झाडावर गेली, तिथून पलीकडच्या, आणि मी अजून 'बरं भाजतंय' म्हणत बघतोय तोवर घराच्या मागच्या भिंतीवर. भिंत फळ्यांची. मी ठोकळे ठेवून विझवायला गेलो तर मीच पेटलो. बदाम भराभर उतरायला लागले. दहाचे सात, सातचे चार. घरासमोर दगडी पायरीवर सोपानचं कुत्रं होतं. रानातला लांडगा हाडं घालून त्याने माणसाळवला होता, बंड्या नाव ठेवलं होतं. बस म्हटलं की तो प्राणी बसून राहतो, उठ म्हणेपर्यंत. सोपानने त्याला बस म्हणून सांगून ठेवलं होतं. तो बसला होता. मी पळालो.

हे वाक्य लिहायला मला आजही जड जातं. मी वाट फुटेल तिकडे पळालो. नदी ओलांडली, एक टेकडी, दुसरी टेकडी. भान आलं तेव्हा ना घर दिसत होतं ना धूर, तंगड्या सगळ्या संपल्या होत्या आणि सूर्य बुडाला होता. मग मागून झोंबीचं घुरघुरणं. एक फटका बसला. दुसरा बसला. अर्धा बदाम उरला. मी थांबवायचं बटण दाबलं. सगळं जागच्या जागी थांबलं. झोंबी दोन हातांवर, हात पुढे करून उभा.

आणि मी टॅब मांडीवर घेऊन बसून राहिलो. खाली पत्रा पडत होता, धाड, धाड. घर जाळलं हे तर झालंच होतं. आता मेलो की कायद्याने जगच पुसायचं. त्या तिघांनी महिनोन्‌महिने झोपेतून, जेवणातून काढलेले तास, सगळे माझ्या हातून जाणार. चार वाजता ते येणार, आणि संध्याकाळी मी माझी पिशवी घेऊन जिन्याखाली. एकच माणूस मदत करू शकेल असा खोलीत होता, आणि त्याला उठवायचं नाही हा खोलीचा पहिला नियम होता. किती वेळ गेला कोण जाणे. हाक मारून तो माणूस उठणारा नव्हता, हेही माहीत होतं. शेवटी मी जाऊन त्यांच्या पायाच्या अंगठ्याला हात लावला. पायाला, कारण खांद्याला लावायची हिंमत झाली नाही.

ते ताडकन उठून बसले. "काय? कोण गेलं?"

त्यांना वाटलं गावाकडून फोन आला. मी काही बोलायच्या आत रडायलाच लागलो. टॅब पुढे केला. त्यांनी पंचाने डोळे पुसले, स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा स्क्रीनकडे.

"यासाठी?"

मी मान हलवली.

"आरं लेका," ते म्हणाले, "मला वाटलं म्हातारी गेली." आणि त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की मलाच कसंतरी झालं. मग ते पलंगावर सरकले आणि शेजारी हात आपटला. "बस इथं. नाय, मी नाय घेणार हातात. तूच चालव. मी घेतलं आन मेलो तर सोपान मला खाईल, मला नाय परवडायचं ते. हां. आता नीट ऐक. सुरू केलं की वर बघायचं नाय, खाली बघायचं. पायाखालचं खणायचं, तीन ठोकळे. पडलास की लगेच डोक्यावर एक ठेवायचा. बस."

"झोंबी मारील, दादा."

"खणशील का त्याच्याशी बोलत बसशील? कर सुरू."

मी सुरू केलं. एक ठोकळा, दोन, तीन. झोंबीचा हात वरून गेला. डोक्यावर मातीचा ठोकळा ठेवला आणि स्क्रीन काळी झाली. वर घुरघुर ऐकू येत होती, पण आत काही येत नव्हतं. अर्धा बदाम तसाच.

"झालं," दादा म्हणाले. "आता सकाळ व्हईपर्यंत खड्ड्यात बसायचं. दहा मिनिटं लागतात. च्या ठेव."

त्या दहा मिनिटांचा चहा मी विसरणार नाही. नाईट केलेला माणूस, डोळे लाल, बनियनवर बसून माझ्याबरोबर काळ्या स्क्रीनकडे बघत चहा पितोय. त्यांनी विचारलं, "पण पेटलं कसं?" आणि मी सांगितलं. राबाचं. आधी अडखळत, मग आपोआप. ऐनाच्या फांद्या कशा छाटतात, सगळं झाड कसं तोडायचं नसतं, माती वर का घालतात, वरच्या अंगाने का लावतात. मी माझ्याच बोलीत बोलत होतो हे मला नंतर कळलं. ते मध्ये मध्ये विचारत होते. "शेणखत वायलं टाकत नाय?" "पाऊस लवकर आला तर?" त्यांच्या नांदगावाकडे कांदा, बाजरी; राब त्यांनी ऐकलाच नव्हता. शेवटी म्हणाले, "म्हंजी तू चूक केली नायस. तू शेती केली." आणि कप खाली ठेवला. "एकदा मला खरा राब बघायला ने. आता उठ, सकाळ झाली असंल."

वरचा ठोकळा काढला तर खरंच उजेड होता. उन्हात उभा झोंबी आपोआप पेटून गेला. दादांनी झाडाची पानं तोडायला लावली, त्यातून एक सफरचंद पडलं, ते खाल्लं. मग घर कुठे हा प्रश्न. मला काहीच आठवेना, दिशाच आठवेना. शाळेत फळ्यासमोर व्हायचं तसं झालं.

"पळताना ऊन कुठं होतं?" त्यांनी विचारलं.

"डोळ्यावर येत होतं."

"संध्याकाळचं ना? मग?"

मग काय ते मला कळलं. डोंगरातल्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही. संध्याकाळचं ऊन डोळ्यावर, म्हणजे मावळतीकडे पळालो. आता सकाळ. ऊन डोळ्यावर घेऊनच चालायचं. मी चालायला लागलो. दोन टेकड्या, मग नदी. वाटेत आणखी दोन सफरचंदं खाल्ली, तसे बदाम थोडे भरून आले. नदीपलीकडे आमचा कापल्यासारखा डोंगर दिसला आणि माझ्या तोंडून "आला!" असं इतक्या मोठ्याने निघालं की दादांच्या चांगल्या कानात दणका बसला.

घर नव्हतं. रानही नव्हतं. काळ्या-तपकिरी मोकळ्या जमिनीवर आमच्या पेट्या तेवढ्या उभ्या होत्या. त्या खेळात पेट्या जळत नाहीत. दारापाशी दगडी पायरी होती, तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं. तीन बदामांसकट मी पोचलो होतो. जग वाचलं होतं. दादा "शाब्बास" म्हणाले आणि आडवे झाले. पावणेदोन वाजले होते.

मी मात्र पिशवी भरायला घेतली. सोपानसमोर उभं राहायची ताकद माझ्यात नव्हती. दोन पँटी, नागलीच्या पिठाचा उरलेला पुडा, आईने दिलेलं पांघरूण. चार वाजायच्या आत निघालं की कुणाला तोंड दाखवायला नको, संध्याकाळची सुरगाण्याची गाडी मिळेल. भागवतदादांचे डोळे मिटलेले होते. मी पिशवीचा बंद ओढला आणि मागून आवाज आला, "दे इकडं."

मी दिली. त्यांनी स्वतःची उशी माझ्याकडे फेकली, माझी पिशवी डोक्याखाली घेतली, उजवा कान तिच्यावर दाबला. "मऊ हाय," म्हणाले. "आता मी झोपणार. न्यायची असंल तर मला परत उठवावं लागंल. बघ बाबा, एका दिवसात दोनदा."

आणि खरंच झोपले. दोन मिनिटांत घोरायला लागले. मी समोरच्या भिंतीला टेकून बसलो, उशी पोटाशी धरून. किती हुशार माणूस! कुलूप लावलं असतं तर मी कदाचित तोडलं असतं.

चारला दोघे आले. मी उभा राहिलो, टॅब इरफानभाईच्या हातात दिला आणि म्हणालो, "आग मी लावली." सगळ्यात लहान वाक्य निवडलं होतं. इरफानभाईने आधी खाली बघितलं, बदामांकडे. "तीन. मरा नहीं ना? फिर ठीक है." सोपान त्याच्या खांद्यावरून बघत होता. पायरी बघितली. बोट लावून इकडे तिकडे फिरवलं.

"बंड्या कुठाय?"

मी मोकळ्या पायरीकडे बोट दाखवलं.

"बंड्या कुठाय रे?" तो माझ्या अंगावर आला. "मी त्याला बसवून गेलो व्हतो! तू पळालास आन त्याला उठ म्हणाला नायस? एक बोट लावायचं व्हतं!"

खरं होतं ते. एक बोट लावायचं होतं. इरफानभाई मध्ये पडला, "अरे छोड़ ना, गेम है," आणि त्यावर सोपान आणखीच भडकला. "ह्याला काढा खोलीतनं. उद्या गॅस पेटवून पळंल." मी ज्या वाक्याला दोन महिने भीत होतो ते वाक्य अखेर कुणीतरी बोललं.

या आरडाओरड्यात भागवतदादा उठले. की मघापासून जागेच होते, देव जाणे. पलंगावर बसून त्यांनी विचारलं, "सोपान, तुझ्या मशीनला मागच्या महिन्यात डाय तुटली. कुणाची चूक निघाली?"

"त्याचं इथं काय?"

"सांग ना."

"आधीच्या पाळीवाल्याची," सोपान म्हणाला. "त्यानं चार्ज देताना बोल्ट ढिला हाय ते सांगितलं नाय."

"आन चालवत कोण होतं?"

"मी."

"मग?" दादा म्हणाले. "पाटी माझी होती. गहू लाव, लिहिलं. कसं लाव ते नाय लिहिलं. याच्याकडं जमीन भाजल्याबिगर बी टाकत नाय, हे मला आज कळलं. चार्ज मी अर्धा दिला. कंपनीत ज्यानं चार्ज अर्धा दिला त्याची चूक. काढायचं तर मला काढा. आन बंड्या माझ्या नावावर लाव."

मग इरफानभाई माझ्याकडे वळला. "ज़मीन भाजते? क्यूँ भाजते?" दादा म्हणाले, "सांग त्यांना, मला सांगितलं तसं." आणि मी त्या खोलीत पहिल्यांदा सगळ्यांसमोर पाच-सात मिनिटं सलग बोललो. उभ्याने, शिक्षकांसमोर बोलतात तसा. इरफानभाई मध्येच ओरडला, "यानी ये बेचारा खेती कर रहा था! और हम समझे आतंकवादी है!" आणि स्वतःच्याच विनोदावर पलंगावर लोळला. सोपान हसला नाही. तो खाली चहा प्यायला गेला, एकटाच. पण जाताना म्हणाला, "घर दगडाचं बांधायचं. ह्यानंच. फळी दिसली तर बघ." त्यात मला 'राहा' एवढं ऐकू आलं. मी खाली बसलो. दादांनी पिशवी माझ्या मांडीवर टाकली. "घे. उशी दे माझी. तुझ्या पिठानं मान धरली."

दगडाचं घर बांधायला मला सव्वा महिना लागला. हाडं गोळा करून एक लांडगा मी सोपानसाठी माणसाळवून दारात बसवला. त्याने त्याला नाव ठेवलं नाही, पण दोन दिवसांनी पाटी दिसली, 'कुत्र्याला बसवून कुठं जाऊ नये.' ती माझ्यासाठीच होती, आणि ती मी तशीच राहू दिली. दिवाळीनंतर मला लेथवर घेतलं. बाकीचं इथे सांगण्यासारखं नाही. खोली सुटली, टॅब बिघडला, माणसं पांगली.

आता मी घरापासून फार लांब, दक्षिणेत एका कारखान्यात आहे. इथे मराठी बोलायला बायको आणि मुलगाच. माझ्या हाताखाली दहा-बारा जण आहेत, लांबलांबून आलेले, माझ्यासारखेच तोंड मिटून राहणारे. पाळी बदलताना मी चार्ज इतका सविस्तर देतो की ते मागून हसतात. हसू द्या.

दादा आता नांदगावला असतात, प्रेस सुटली. कान दोन्ही गेले म्हणतात, त्यामुळे फोनवर बोलणं होत नाही. त्यांची सून फोन धरते आणि मी काय म्हणालो ते त्यांच्या तोंडासमोर ओरडून सांगते. मागच्या वेळी तिच्याकडून उलटा निरोप आला, "बाबा विचारतात, राब कधी दाखवता?" म्हणजे त्यांच्या लक्षात आहे. मी इतकी वर्षं त्यांना नेलं नाही. सुट्टी नव्हती, मग मुलगा लहान होता, मग आणखी काही. आता लिहूनच टाकतो, म्हणजे मला पळता येणार नाही: या उन्हाळ्यात मी नांदगावला उतरेन, त्यांना घेऊन आमच्या पाड्यावर जाईन. रात्री ओट्यावर अंथरूण घालेन. सकाळी माझे भाऊ राब पेटवायला निघतील, घाई करतील. त्यांना मी थांबवून ठेवणार आहे. भागवतदादा आपणहून उठेपर्यंत थांबू, आणि तोवर वारा सुटला तर दुसऱ्या दिवशी पेटवू.